वाऱ्याचा उसना भार

वहीचीं दोन पानें घ्यावीं, दोन बोटांचें अंतर ठेवून तीं समोरासमोर लोंबतीं धरावीं आणि मधल्या फटींतून जोरानें फुंकर घालावी. पानें एकमेकांपासून दूर सरतील अशी कोणाचीहि अपेक्षा असते. प्रत्यक्षांत तीं एकमेकांस येऊन चिकटूं पाहतात. फटींतून वेगानें जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो आणि बाहेरची संथ हवा पानांना आंत लोटते. डॅनियल बर्नोली या स्विस गणितज्ञांनीं १७३८ सालीं प्रवाही पदार्थांवरील आपल्या ग्रंथांत वेग आणि दाब यांच्या नात्याचा पाया घातला. वादळांत घराचे पत्रे उडतात तेव्हां हेंच नातें आपल्या डोक्यावर काम करीत असतें. वारा छपरावरून वेगानें जातो, वरचा दाब कमी होतो, आणि घरांतली स्थिर हवा पत्र्यांना खालून उचलते. आज मला ज्या गोष्टीचा इतिहास सांगावयाचा आहे तिचें मूळ त्या दोन पानांत आणि त्या पत्र्यांत आहे. धांवत्या मोटारगाडीला जमिनीशीं बांधून ठेवण्याकरितां माणसानें वाऱ्याला कसें कामाला लावलें, आणि त्या कामाचें मोल कोणीं कसें चुकविलें, ती ही गोष्ट.

मोटारगाडीचा जन्म झाल्यापासून पुष्कळ वर्षें तिच्या कर्त्यांना वाऱ्याचें एकच रूप परिचित होतें, आणि तें अडवणाऱ्याचें होतें. गाडी जों जों वेगानें धांवावी तों तों समोरची हवा तिला अधिकाधिक विरोध करी. म्हणून गाडीचें अंग माशासारखें निमुळतें करावें, पाठ गुळगुळीत आणि कमानदार ठेवावी, कोठें कोपरा म्हणून राहूं देऊं नये, हें कारागिरांचें धोरण. तें चुकीचें नव्हतें, परंतु अपुरें होतें. पाठ कमानदार आणि पोट सपाट अशी आकृति बाजूनें पाहिली तर ती विमानाच्या पंखाच्या छेदाशीं बरीच जुळते. पंख हवेला खालीं लोटतो आणि हवा उलट पंखाला वर उचलते. म्हणजे गाडीला होणारा विरोध कमी करण्याच्या नादांत इंजिनियर लोक तिला नकळत उडावयास शिकवीत होते! ताशीं चाळीस-पन्नास किलोमीटरच्या चालींत ही उचल कोणाच्या लक्षांत येण्यासारखी नव्हती. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट, आणि वेग चौपट झाला कीं जोर सोळापट. त्यामुळें मंद चालीच्या गाडींत जी गोष्ट क्षुल्लक, तीच वेगाच्या भरांत प्राणावर बेतणारी ठरते.

येथें एक शंका सहज निघेल. गाडी उचलली जाते, तर तींत थोडें वजन घालावें, म्हणजे ती आपोआप जमिनीला धरून राहील! गाडीचा जमिनीशीं संबंध येतो तो टायरांच्या तळाशीं, तळहाताहून थोड्याशाच मोठ्या अशा चार जागांपुरता. आणि टायरांची पकड त्यांच्यावरील भाराबरोबर वाढते हेंहि खरें. परंतु वजन वाढवलें म्हणजे त्या वजनाला वळवावयाचें, थांबवावयाचें आणि पुन्हां वेग द्यावयाचा हें कामहि त्याच मानानें वाढतें. धोंडे भरलेली बैलगाडी उतारावर वळवितांना तें वजन हांकणाऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं, उलट गाडीला वळणाबाहेर ओढूं लागतें. पाहिजे तो असा भार, कीं जो टायरांना जमिनीवर दाबील, पण वळतांना ज्याचें ओझें होणार नाहीं. असा वजनाविना भार वारा देऊं शकतो. विमानाचा पंख उलटा करून गाडीवर बसवला, तर ज्या जोरानें विमान आकाशांत चढतें तोच जोर गाडीला जमिनीवर दाबील. कल्पना इतकी सोपी आहे. तरीहि ती रुजावयास जवळ जवळ चाळीस वर्षें लागलीं.

तिचा एक गाजलेला प्रयोग झाला तो २३ मे १९२८ रोजीं, बर्लिनच्या आव्हुस नांवाच्या रस्त्यावर. जर्मनींतील सुप्रसिद्ध मोटार-घराण्यांतले फ्रिट्झ फॉन ओपेल हे त्या दिवशीं एक अपूर्व गाडी स्वतः हांकीत होते. तिच्या पाठीशीं दारूचे चोवीस अग्निबाण बसविलेले होते आणि त्यांच्या धक्क्यानें ती ताशीं २३८ किलोमीटर वेगानें धांवली. हें वाहन जमीन सोडून जाऊं नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक आंखूड पंख लावला होता, आणि वारा त्यावर आदळून गाडीला खालीं दाबील असा त्याला कल दिला होता. प्रेक्षकांनीं धुराचे लोट पाहिले आणि अग्निबाणांचें नांव सर्वत्र झालें. पंखांनीं शिकविलेला धडा मात्र शर्यतीच्या गाड्यांपर्यंत पोहोंचला नाहीं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत जर्मन गाड्यांचे वेग थक्क करणारे झाले. २८ जानेवारी १९३८ रोजीं सकाळीं फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट या महामार्गावर रुडॉल्फ काराचिओला यांनीं मर्सिडीजची गाडी ताशीं ४३२ किलोमीटरहून अधिक वेगानें नेली. तो उच्चांक मोडण्याकरितां त्याच दिवशीं ऑटो युनियनची गाडी घेऊन निघालेले बेर्न्ट रोझमायर हे तरुण वीर मृत्यु पावले. बाजूनें आलेल्या वाऱ्याच्या झोतानें त्यांची गाडी भरकटली असें मानण्यांत येतें. या दुर्घटनेचें खापर एकट्या उचलीवर फोडतां येणार नाहीं. परंतु वाऱ्याला केवळ कापीत जावयाचें, त्याच्याशीं दुसरा कसलाहि व्यवहार करावयाचा नाहीं, या धोरणाची सीमा त्या सकाळीं दिसून आली.

दुसरी संधि आली ती १९५६ सालीं. मायकेल मे या तरुण स्विस इंजिनियरनें आपल्या लहानशा पोर्शे गाडीवर, हांकणाऱ्याच्या डोक्याच्याहि वर, एक रुंद उलटा पंख उभारला आणि ती गाडी न्यूर्बुर्गरिंग येथील एक हजार किलोमीटरच्या शर्यतीस आणली. धांवत असतांना पंखाचा कल बदलतां यावा अशी सोयहि त्यांनीं केली होती. सरावांत गाडीची चाल उघड उघड सुधारलेली दिसली. परंतु मागून येणाऱ्यांची दृष्टि त्या पंखामुळें अडते असें कारण दाखवून अधिकाऱ्यांनीं तो काढावयास लावला. मे यांनीं पुढें एंजिनांच्या क्षेत्रांत मोठें नांव मिळविलें आणि पंखाची कल्पना आणखी दहा वर्षें अडगळींत पडली. नियम करणाऱ्यांनीं नवी युक्ति प्रथम दृष्टीस पडतांच दाराबाहेर ठेवावी, हें या इतिहासांत पुढेंहि अनेकदां घडावयाचें होतें. तथापि तो नेहमींच केवळ जुनाटपणा होता असें म्हणतां येत नाहीं, हेंहि लवकरच दिसून येईल.

ज्यांनीं ही कल्पना अडगळींतून काढून तिचें शास्त्र बनविलें ते गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील टेक्सास प्रांताचे जिम हॉल. ते स्वतः इंजिनियर आणि स्वतःच शर्यतींत गाडी हांकणारे. मिडलंड या गांवीं त्यांचा स्वतःचा चांचणीचा रस्ता होता. आपल्या चॅपरल नांवाच्या गाडीचें नाक वेगांत वर उचललें जातें आणि पुढचीं चाकें हलकीं पडतात, हें त्यांच्या अनुभवास आलें; तेव्हां अंदाजावर विसंबून न राहतां ही उचल किती आहे हें मोजण्याचा मार्ग त्यांनीं धरला. १९६६ सालच्या त्यांच्या गाडीवर दोन उंच खांबांवर एक पंख दिमाखानें उभा होता. त्यांतील खरी खुबी खांबांच्या पायथ्याशीं होती. ते खांब गाडीच्या अंगावर रोंवलेले नसून थेट मागच्या चाकांच्या आधारावर बसविलेले होते. त्यामुळें वाऱ्याचा सारा भार स्प्रिंगांना न दडपतां सरळ टायरांवर उतरे. त्या गाडीला क्लच नव्हता, म्हणून डावा पाय मोकळा. त्या पायाखालीं हॉल यांनीं एक पेडल दिलें. सरळ रस्त्यावर तें दाबलें कीं पंख आडवा होऊन वाऱ्याला वाट देई. वळण जवळ येतांच पाय काढला कीं पंख पुन्हां कलता होऊन गाडीला दाबी. वारा जेथें अडवतो तेथें त्याला सोडून द्यावयाचें आणि जेथें उपयोगी पडतो तेथें धरावयाचें, असा हा चोख व्यवहार होता. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील लगूना सेका येथें फिल हिल यांनीं ही गाडी पहिली आणली.

यापुढें मात्र घाई झाली. १९६८ च्या जून महिन्यांत बेल्जियममधील स्पा येथें फेरारी आणि ब्रॅबम यांच्या गाड्या मागें पंख लावून आल्या, आणि मग वर्षाच्या आंत फॉर्म्युला वन शर्यतींतील जवळ जवळ प्रत्येक गाडीला पंख फुटले. एकाच्या पंखापेक्षां दुसऱ्याचा उंच, त्याहून तिसऱ्याचा रुंद, आणि सर्वांचे खांब काडीसारखे बारीक! हॉल यांनीं वर्षानुवर्षें मोजून ठरविलेली वस्तु इतरांनीं पाहून उचलली होती. तिच्यावर पडणाऱ्या ताणांचा हिशेब उचलण्याइतका धीर कोणास नव्हता. चाकांबरोबर खालींवर होणाऱ्या त्या खांबांना प्रत्येक खांचखळग्यांत हिसके बसत. आणि रस्त्याच्या उंचवट्यावर गाडी क्षणभर हलकी झाली कीं पंखावरील भार एकदम बदले.

४ मे १९६९ रोजीं बार्सिलोना शहरांतील मॉन्झुइक टेकडीच्या रस्त्यावर स्पेनची शर्यत झाली. तेथें एका चढाच्या माथ्यावरून जातांना ग्रॅहम हिल यांच्या लोटस गाडीचा मागचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर जाऊन आदळली. हिल सुदैवानें वांचले. गाडीवरून खालीं उतरल्यावर पंखाचा दोष त्यांच्या ध्यानांत आला. परंतु त्यांचे सहकारी योखेन रिंट यांना थांबविण्याची सूचना पोहोंचण्यापूर्वींच, त्याच माथ्यावर, रिंट यांच्याहि गाडीचा पंख मोडला, आणि ती हिल यांच्याच मोडक्या गाडीवर येऊन आदळली. रिंट यांच्या जबड्याचें हाड मोडलें. पंख असतांना ज्या वेगानें वळण घेतां येतें, त्या वेगांत असतांनाच पंख गेला, तर हांकणाऱ्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. भार वाऱ्याकडून उसना घेतलेला असतो; वारा तो परत मागतांना पूर्वसूचना देत नाहीं. रिंट यांनीं उघड पत्र लिहून या पंखांचा निषेध केला. त्याच महिन्यांत मोनाकोच्या शर्यतीच्या सरावानंतर अधिकाऱ्यांनीं उंच पंखांवर बंदी घातली. पुढें पंख परत आले ते ठेंगणे, आणि गाडीच्या अंगालाच घट्ट बसविलेले.

रिंट यांच्या आयुष्याचा शेवट मन अस्वस्थ करणारा आहे. सप्टेंबर १९७० मध्यें इटलींतील मोंझा येथील सरावांत सरळ रस्त्यावर अधिक वेग मिळावा म्हणून त्यांच्या गाडीचे पंख काढून ठेवलेले होते. पंखाविना ही गाडी सरळसुद्धां धांवत नाहीं अशी त्यांचे सहकारी जॉन माइल्स यांची तक्रार होती. ५ सप्टेंबर रोजीं एका वळणापूर्वीं ब्रेक लावीत असतांना गाडी भरकटली आणि रिंट मृत्यु पावले. चौकशींत दोष ब्रेकच्या दांड्याचा आणि रस्त्याच्या कडेच्या सदोष कठड्यांचा ठरला. पंख नसणें हें कारण मानलें गेलें नाहीं. त्या वर्षीं मिळविलेल्या गुणांवर त्यांना मरणोत्तर जगज्जेतेपद मिळालें. पंखांवर टीका करणाऱ्या या माणसाला पंखांसह आणि पंखांविना, दोन्ही परींनीं धोका पत्करावा लागला. एकदां सर्वांच्या गाड्या वाऱ्यावर भार टाकून धांवूं लागल्या, कीं एकट्यानें त्यांतून अंग काढून घेण्याची मोकळीक राहत नाहीं.

पंखांवर मर्यादा आल्या तेव्हां इंजिनियरांची दृष्टि गाडीच्या पोटाखालीं वळली. जिम हॉल यांनीं १९७० सालीं गाडीच्या मागें दोन पंखे बसवून खालची हवा उपसून काढण्याची युक्ति केली; ती हंगाम संपतांच बंद करण्यांत आली. खरा पालट घडविला तो लोटसच्या पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत वायु-बोगदा होता, म्हणजे नमुन्याची गाडी स्थिर ठेवून तिच्यावर वारा सोडण्याची बंदिस्त जागा. तेथें चांचणी करितांना मोजमापें एकमेकांशीं जुळेनात. नीट पाहतां असें दिसलें, कीं नमुन्याच्या दोन्ही कुशी वाऱ्यांत खालीं झुकत आहेत, आणि कडा जमिनीजवळ जातांच भार वाढतो आहे. आपण आरंभीं पाहिलेल्या दोन पानांचाच हा प्रकार! येथें एक पान म्हणजे गाडीचें पोट आणि दुसरें म्हणजे जमीन. जमीन हलूं शकत नाहीं, म्हणून गाडी तिच्याकडे ओढली जाते. मग गाडीच्या कुशींना आंतून उलट्या पंखासारखा आकार देण्यांत आला आणि बाहेरची हवा आंत शिरूं नये म्हणून कडांना जमिनीपर्यंत पोहोंचणाऱ्या सरकत्या झालरी लावण्यांत आल्या. ही विद्या १९७७ च्या गाडींत प्रथम आली, आणि तिच्या पुढील आवृत्तीच्या बळावर मारिओ आंद्रेटी १९७८ सालीं जगज्जेते झाले. त्याच वर्षीं ब्रॅबमनें पंख्याची गाडी पुन्हां आणली; स्वीडनची शर्यत निकी लाउडा यांनीं तिच्यावर जिंकली, आणि त्या एकाच शर्यतीनंतर ती मागें घेण्यांत आली.

झालरीनें दिलेला भार पंखाहून स्वस्त होता, कारण त्यासाठीं वाऱ्याचा विरोध फारसा सोसावा लागत नसे. पण उसनवारीची अट तीच होती. झालर अडकून वर राहिली कीं फट पडे आणि ऐन वळणावर भार नाहींसा होई. १९८१ मध्यें सरकत्या झालरींवर बंदी आली आणि १९८३ पासून गाडीचें पोट सपाट ठेवणें सक्तीचें झालें. तरीहि प्रश्न संपला नाहीं. ३० एप्रिल १९९४ रोजीं इटलींतील इमोला येथें रोलांट रात्सेनबर्गर या ऑस्ट्रियन चालकाच्या गाडीचा पुढचा पंख ताशीं ३०० किलोमीटरहून अधिक वेगांत तुटला. पुढच्या चाकांची पकड गेली, गाडी वळेना, आणि भिंतीवर आदळून ते मरण पावले. दुसऱ्याच दिवशीं त्याच ठिकाणीं आयर्टन सेना यांचाहि अंत झाला. त्यानंतर वाऱ्याच्या भाराला नियमांनीं आणखी कात्री लावण्यांत आली, आणि गाडी जमिनीच्या फार जवळ नेतां येऊं नये म्हणून तिच्या पोटाखालीं लांकडाची फळी बसविण्याची सक्ति झाली. १९९९ सालीं फ्रान्समधील ल मां येथें तर मर्सिडीजच्या गाड्या सरावांत दोनदां आणि प्रत्यक्ष शर्यतींत एकदां अक्षरशः उडाल्या. उंचवट्यावर नाक किंचित् वर झालें, हवा खालीं शिरली, आणि ज्या आकृतीनें गाडीला दाबावयाचें तिनेंच तिला पत्र्यासारखें उचललें. कोणी दगावलें नाहीं हें नशीब. कंपनीनें उरलेली गाडी शर्यतींतून काढून घेतली.

आतां आपल्यासारख्यांच्या घरगुती गाडीविषयीं दोन शब्द. १९७२ सालीं पोर्शेनें आपल्या रस्त्यावरील एका गाडीच्या पाठीशीं बदकाच्या शेंपटीसारखी वळलेली कड दिली; तिनें मागच्या चाकांची उचल पुष्कळ कमी केली. उलट १९९८ सालीं आलेली ऑडीची टी.टी. ही गोलाकार, देखणी गाडी अशा पट्टीविना विकली गेली. जर्मनीच्या अतिवेगवान रस्त्यांवर अपघात झाल्यावर २००० च्या सुमारास तिच्या मागच्या झांकणावर लहानशी पट्टी बसविण्यांत आली, घसरण सांवरणारी विजेची यंत्रणा जोडण्यांत आली आणि आधीं विकलेल्या गाड्यांनाहि ही दुरुस्ती देण्यांत आली. म्हणजे पट्टी ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. परंतु तिचा गुण वेगाशीं बांधलेला आहे. ताशीं २०० किलोमीटर वेगांत तिच्यावर जो जोर पडतो, त्याचा सोळावा हिस्साच शहरांतल्या ५० किलोमीटरच्या चालींत पडतो. ज्यानें हौसेनें बाजारांतून पट्टी आणून चिकटविली त्याला शोभा लाभेल, पकड लाभेलच असें नाहीं. आणि मोजमाप न करितां बसविलेली पट्टी पुढच्या व मागच्या चाकांवरील भाराचा तोल बिघडवूंहि शकते.

जिम हॉल यांच्या पेडलाची कल्पना वाया गेली नाहीं. २०११ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत फॉर्म्युला वनच्या चालकांना, पुढच्या गाडीला गांठतांना, सरळ रस्त्यावर मागच्या पंखाची फट उघडण्याची मुभा होती. आणि २०२६ च्या नियमांनीं पुढचे व मागचे दोन्ही पंख हलते ठेवले आहेत. १९६६ सालीं एका माणसाच्या डाव्या पायाखालीं असलेली गोष्ट साठ वर्षांनीं सर्वांच्या नियमावलींत आली. मधल्या काळांत मोडलेले पंख, अडकलेल्या झालरी आणि गेलेले प्राण यांचा हिशेब त्या नियमावलीच्या प्रत्येक कलमामागें उभा आहे. वेगवान गाडीवर वाऱ्याचा भार आज तिच्या स्वतःच्या वजनाहून अधिक असूं शकतो. इतकें मोठें कर्ज घेऊन धांवणाऱ्यानें सावकाराचा स्वभाव पुरता ओळखावा, आणि तो फिरला तरी जीव वांचेल इतकी तजवीज आधींच करून ठेवावी, हें शहाणपण या शास्त्रानें शिकविलें. मात्र त्याची फी फार जबर होती.